वई की भिंत?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीचा तास असायचा, पण त्यातला निम्मा वेळ ऱ्हस्व-दीर्घाशी मारामारी करण्यात जायचा. त्यामुळे संपादक मंडळाने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी सरळ नाही म्हणणार होते. पण मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या गावी, हरिहरेश्वरला, एक प्रकार घडला आणि तेव्हापासून एक मुद्दा डोक्यात घोळतोय. तो इंग्रजीत लिहिणं मला जमणार नाही. कारण त्यातल्या निम्म्या झाडांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना मराठीत काय म्हणतात ते मला मे महिन्यातच कळलं!

त्याचं असं झालं. मी एसटीतून उतरून घरी पोचते न पोचते तोच आजी म्हणाली, "अगं, वई पार मोडलीय. यंदा नवीन करायला हवी."

मी म्हटलं, "त्यात काय आजी, श्रीवर्धनला गेले की आणते. शंभर पानी हवी की दोनशे पानी?"

आजी आधी नुसती बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला ठसका लागला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आख्ख्या आळीत पसरली. देवळात गेले तर तिथेही एका आजोबांनी विचारलं, "काय, मिळाली का वही?"

तर मंडळी, वई म्हणजे कुंपण. साधं तारेचं किंवा भिंतीचं नव्हे. झाडंझुडपं, काट्यांच्या फांद्या आणि बांबूच्या काठ्या एकमेकांत गुंतवून केलेलं. नुसत्या दगडांचं रचलं तर त्याला गडगा म्हणतात. आणि वईतून आत-बाहेर करायला दोन खांबांना भोकं पाडून त्यात आडवे बांबू सरकवलेले असतात, ते बेडं. हे तीन शब्द शिकून माझी सुट्टी सुरू झाली.

आमची वाडी काही फार मोठी नाही. थोडे माड, बऱ्याच पोफळी, मधे मधे जायफळ, केळी, मिरीचे वेल. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला शेजारच्या काकूंची वाडी, पूर्वेला रस्ता. पूर्वेचा गडगा आजोबांच्या वडिलांच्या वेळचा आहे आणि तो जसाच्या तसा आहे. वाद होता तो उरलेल्या दोन बाजूंचा.

माझे काका पनवेलला नोकरी करतात. शनिवार-रविवार येऊन त्यांनी घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत. हरिहरेश्वरला सुट्टीत किती गर्दी होते ते तिथे गेलेल्यांना सांगायला नको. लोक वाट चुकून वाडीत शिरतात, पोफळीखाली बसून डबा खातात आणि बाटल्या तिथेच टाकून जातात. काका म्हणाले, पश्चिम आणि उत्तर, दोन्हीकडे तयार काँक्रीटच्या फळ्यांची भिंत घालून टाकू, एकदाची कटकट मिटेल. आबा म्हणाले, वई लावू. दोघांचंही चुकत नव्हतं आणि दोघंही ऐकत नव्हते. शेवटी काका म्हणाले, "आपल्या घरात सिव्हिल इंजिनीअर आहे ना? तिलाच विचारू."

मी तिसऱ्या वर्षाला आहे, दोन विषय अजून राहिलेत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता भिंतीचा इतिहास सांगायला हवा. पश्चिमेला काकांनी आधीही एकदा अशीच भिंत घातली होती. मग ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन तालुक्याला त्याने अक्षरशः झोडपलं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. लॉकडाऊन चालू होता. आजी-आबांचा फोन कितीतरी दिवस लागत नव्हता. बाबा रोज सकाळी एकच नंबर फिरवत बसायचे. आम्हाला गावी जाता आलं ते थेट गणपतीत. माझ्या डोळ्यांसमोर अजून ती वाडी आहे. पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या एकाच दिशेला आडव्या झालेल्या. पोफळीला लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे आबांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी जी रोपं पुन्हा लावली, ती आत्ता कुठे धरायला लागली आहेत. रोठा सुपारीसाठी श्रीवर्धनचं नाव आहे, तिथे सुपारी संशोधन केंद्रसुद्धा आहे. पण वादळाला हे कोण सांगणार?

त्या गणपतीत मी दोन गोष्टी पाहिल्या होत्या, पण त्यांचा अर्थ तेव्हा लावला नव्हता. पश्चिमेची भिंत निम्मी माड पडून फुटली होती आणि निम्मी पाया धुपून कलली होती. ती काढायला माणसं आणि ट्रॅक्टर लावावा लागला. उत्तरेची वईसुद्धा त्या दिवशी पार भुईसपाट झाली होती, असं आजी सांगते. पण गणपतीत आम्ही गेलो तेव्हा ती कमरेइतकी हिरवीगार उभी होती! मोडलेल्या फांद्या चिखलात पडल्या आणि पावसात तिथेच रुजल्या. कुणी काही केलंच नव्हतं.

मला वाटतं, सगळा मुद्दा इथेच आहे. 'निसर्ग'पुढे काहीच टिकलं नाही. वई असती तर वाडी वाचली असती, असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण कुंपण निवडताना आपण फक्त 'पडेल की नाही?' एवढंच विचारतो. 'पडल्यावर दुसऱ्या दिवशी काय?' हे विचारत नाही.

असो. इंजिनीअर म्हणून नेमणूक झाली होती, तेव्हा मी आधी भिंतीचा हिशेब केला. आपल्या आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा दाब काढायचं सोपं सूत्र आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. ताशी १०८ किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला ३० मीटर. दाब आला चौरस मीटरला ५४० न्यूटन. दहा मीटर लांब आणि दीड मीटर उंच भिंतीवर, बाकीचे गुणक सोडून दिले तरी, ८१०० न्यूटन. म्हणजे साधारण ८०० किलो वजन आडवं लावल्यासारखं. आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट.

बरं, भिंत उभी राहिली तरी मागच्या झाडांना फायदा किती? सलग भिंतीवर वारा आपटतो, वरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरे करत खाली येतो. उलट कुंपणातून थोडा वारा आरपार जाऊ दिला, समजा निम्मं कुंपण भरीव आणि निम्मं मोकळं, तर भोवरे होत नाहीत आणि वाऱ्याचा जोर कुंपणाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी कमी राहतो. शेतीच्या पुस्तकांत वातरोधक पट्ट्याबद्दल हेच लिहिलेलं असतं. मी हे मोठ्या रुबाबात आबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच तर वईला फटी ठेवायच्या असतात." झालं! दोन सेमिस्टरचं फ्लुइड मेकॅनिक्स एका वाक्यात संपलं.

तिसरा मुद्दा मिठाचा. हरिहरेश्वरच्या देवळामागच्या पायऱ्या उतरून तुम्ही प्रदक्षिणेला गेला असाल, तर तिथले खडक आठवा. मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं पडलेली आहेत. लाटा आणि खारं पाणी काळ्या दगडाची ही गत करतं, तर आपल्या सळईचं काय घेऊन बसलात! आयएस ४५६ प्रमाणे समुद्राचा फवारा बसणाऱ्या काँक्रीटमध्ये सळईवर ५० मिलिमीटरचं कव्हर हवं. काकांनी कोटेशन आणलं होतं त्या खांबाची जाडीच १०० मिलिमीटर. दोन्हीकडून पन्नास-पन्नास सोडलं, तर सळई ठेवायची कुठे? मी हे म्हटल्यावर काका पहिल्यांदा गप्प झाले.

भिंत तर बाद झाली. पण वई म्हणजे नेमकी कोणती झाडं? मला वाटलं होतं, एक चांगलं झाड निवडायचं आणि ओळीने लावून टाकायचं. मी चक्क एक तक्ता केला होता. झाडाचं नाव, उंची, वाढीचा वेग, काटे आहेत की नाही, प्रत्येकाला दहापैकी गुण. आबांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "पण कुंपण कशासाठी हवंय ते कुठे लिहिलंयस?"

आणि खरंच, ते लिहिलंच नव्हतं! प्रोजेक्टमध्ये आपण नेहमी करतो तीच चूक. गरज काय ते ठरायच्या आत मटेरियल ठरलेलं असतं. मग आम्ही दोघं वाडीभोवती फिरलो आणि प्रत्येक बाजूला कुंपणाने काय काम करायचं ते लिहून काढलं. पश्चिमेला वारा, खारट फवारा आणि दुपारनंतरचं ऊन अडवायचं. कोवळ्या पोफळीच्या खोडाला पश्चिमेचं ऊन सोसत नाही, साल भाजते. उत्तरेला शेजार, तिथे फक्त हद्द दिसायला हवी आणि मोकाट गुरं-शेळ्या आत यायला नकोत. पूर्वेला रस्ता, तिथे माणसं अडवायची. माकडांसाठी काय करायचं असं मी विचारलं, तर आबा म्हणाले की त्यांना अडवणारं कुंपण अजून कुणी लावलेलं नाही, तू इंजिनीअर झालीस की शोध.

पश्चिमेला खारं वारं सोसणारीच झाडं हवीत. तिथे आबांनी पहिलं नाव घेतलं उंडीचं. जाड, चकचकीत पानं, समुद्राला न घाबरणारं झाड. तिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला आणि होड्यांना वापरत. मग करंज आणि भेंड. भेंड म्हणजे भाजीची भेंडी नाही हं, पिवळ्या फुलांचं किनाऱ्यावरचं झाड! ही तिन्ही मोठी होतात, पण सावकाश होतात. तोवर पुढे दाट झुडूप हवं. त्यासाठी कोयनेल आणि निर्गुडी. दोन्हींची पानं कडवट आणि वासाची, गुरं त्यांना तोंड लावत नाहीत, आणि दोन्ही फांद्या खोचल्या की जगतात. मी सुरू सुचवला होता, कारण किनाऱ्यावर सगळीकडे सुरूचीच बनं दिसतात. आबांनी नको म्हटलं. भराभर वाढतो हे खरं, पण खाली सुयांचा थर साचतो, दुसरं काही उगवत नाही, आणि 'निसर्ग'मध्ये सुरूची झाडंही धडाधड पडली होती.

केवडाही सोडून दिला. वास छान आणि वाळू धरून ठेवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण तो एवढा पसरतो की पाच वर्षांनी वाडी त्याची आणि आपण पाहुणे!

गुरांसाठीचं जुनं कुंपण म्हणजे शेर आणि निवडुंग. शेराच्या हिरव्या कांड्या खोचल्या की झालं, पाणीही लागत नाही. पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते. जिथे शहरातली मुलं येऊन राहणार, तिथे शेर नको. तीच गोष्ट मोगली एरंडाची. आपल्या सरांना आठवत असेल, २००३ च्या सुमारास बायोडिझेलसाठी ह्याच झाडाचा देशभर गाजावाजा झाला होता. पडीक जमिनीवर लावा आणि गाड्या चालवा! पडीक जमिनीत झाड जगलं, पण सांगितलं होतं तेवढं बी काही मिळालं नाही. कोकणात मात्र हे झाड त्याच्या आधीपासून कुंपणाला आहे, कारण जनावरं ते खात नाहीत. माणसाची मुलं मात्र खातात! बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणे, आणि मग उलट्या. म्हणून तेही बाद.

उत्तरेला, शेजाराच्या बाजूला, उपयोगाची झाडं. गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारीही म्हणतात. हे मध्य अमेरिकेतून आलेलं झाड, मुळांवर नत्र धरतं, छाटावं तितकं फुटतं, आणि त्याचा पाला पोफळीच्या आळ्यात टाकला की खत. पांगारा, काटेरी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लालभडक. त्यावर मिरीचा वेल चढवता येतो. मधे अडुळसा, खोकल्यासाठी आजीला लागतो आणि शेळी त्याला शिवत नाही. घराजवळ जास्वंद, मेंदी आणि कोरांटी, म्हणजे देवाला फुलं आणि हाताला रंग.

रस्त्याच्या बाजूला गडगा आहेच. त्याच्या आतून करवंदं आणि सागरगोटे लावायचे ठरले. सागरगोट्याच्या वेलीला असे उलटे काटे असतात की एकदा शर्ट अडकला की माणूस माफी मागूनच सुटतो. बाटल्या टाकणाऱ्यांसाठी उत्तम! आणि करवंदं पिकली की लोक बाहेरूनच खातील, आत कशाला येतील? (हा आजीचा सिद्धांत. अजून सिद्ध व्हायचाय.)

एकच झाड निवडायचं नाही, हे मला सगळ्यात उशिरा पटलं. एकाच जातीची ओळ दिसायला छान दिसते, पण तिला रोग लागला की सगळी जाते आणि जमीन बदलली की मधेच खुरटते. याचं एक भलंमोठं उदाहरण आपल्याच देशात होऊन गेलंय, ते मला नंतर वाचताना सापडलं. इंग्रजांनी मिठावरचा कर बुडू नये म्हणून पंजाबापासून थेट ओडिशापर्यंत जकातीची हद्द आखली होती आणि तिच्यावर शेकडो मैल काटेरी कुंपण वाढवलं होतं. बऱ्हाणपूरसुद्धा त्या हद्दीवर होतं, म्हणजे महाराष्ट्रापासून हाकेच्या अंतरावर. १८६७ ते १८७० मध्ये त्या खात्याचा प्रमुख होता ॲलन ह्यूम. हो, पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत होता तोच! एवढ्या मोठ्या साम्राज्यालाही एकाच झाडावर भागवता आलं नाही. कुठे बाभूळ, कुठे बोर, कुठे करवंद, काहीच येईना तिथे निवडुंग, आणि माती वाईट तिथे दुसरीकडची माती आणून घालावी लागली. १८७९ मध्ये ती हद्द रद्द झाली. आज तिचा मागमूस शोधावा लागतो, कारण छाटणारे हात गेले की कुंपण जंगल तरी होतं नाहीतर शेत तरी.

आणि उलटंही होतं. घाणेरी आठवा. रस्त्याच्या कडेला लाल-पिवळ्या फुलांची ती झुडपं. तीही शोभेचं झाड म्हणूनच परदेशातून आणलेली. बागेतून निसटली आणि आज डोंगरच्या डोंगर गिळून बसली आहे. म्हणून नर्सरीवाल्याने 'लवकर वाढतं' म्हटलं की लगेच खूश होऊ नये. किती लवकर आणि कुठपर्यंत, हे आधी विचारावं.

इथपर्यंत माझा रिपोर्ट अगदी व्यवस्थित चालला होता. मी वर्गात प्रेझेंटेशन द्यावं तसं ओटीवर उभं राहून सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "छाटणार कोण?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं आहे. वई वर्षातून दोनदा तरी छाटावी लागते. पावसाआधी मोडलेली बांधावी लागते, पाऊस संपला की वाढलेली कापावी लागते. आबा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. बाबा मुंबईत, काका पनवेलला, मी इथे होस्टेलवर. गावात मजूर मिळत नाहीत, कारण आमच्यासारख्यांचीच घरं तिथेही रिकामी होत चालली आहेत. काकांना भिंत हवी होती ती हौसेने नव्हे. घरात कुणी राहणार नाही हे त्यांनी मनातल्या मनात धरलं होतं. भिंतीला माणूस लागत नाही. म्हणजे वई की भिंत हा प्रश्न खरं तर 'आपण इथे येत राहणार आहोत की नाही?' असा होता, आणि तो सहा वर्षांत कुणीही मोठ्याने विचारला नव्हता.

आबा काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी उत्तरेच्या बेड्यापाशी मी उभी होते, तेव्हा शेजारच्या काकू नेहमीसारख्या बांबू सरकवून आल्या. आमच्या जास्वंदीची चार फुलं घेतली, आजीला फणसाचे गरे दिले आणि पुन्हा बांबू सरकवून गेल्या. चाळीस वर्षं त्या अशाच येतात. वादळाच्या रात्री आजी-आबा त्यांच्याकडे गेले होते, कारण आमच्या घरावरचे पत्रे उडाले होते. गेले होते ते ह्याच बेड्यातून. उत्तरेला भिंत आली असती तर काकूंना रस्त्यावरून वळसा घालून यावं लागलं असतं. दोन-तीन मिनिटांचाच वळसा. पण त्यांचे गुडघे दुखतात. पहिल्या महिन्यात त्या आल्या असत्या, मग आठवड्यातून एकदा, आणि मग सणालाच. कुंपणच शेत खातं म्हणतात ते मी ऐकलं होतं. कुंपण शेजारही खाऊ शकतं, हे तेव्हा कळलं.

त्या रात्री मी काकांना सांगितलं की छाटायला मी येईन. जूनच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या सुट्टीत. काका हसले. म्हणाले, "परीक्षा असेल तर?" मी म्हटलं, "तर बाबा येतील. नाहीतर तुम्ही." बाबा फोनवर होते, त्यांनी "बघू" असं म्हटलं. आमच्या घरात 'बघू' म्हणजे साधारण हो असतं. शेवटी तोडगा निघाला. पश्चिम आणि उत्तरेला वई, बेडं आहे तिथेच. काकांच्या मनासारखं म्हणून रस्त्याच्या बाजूला फाटक आणि दिवा. जूनच्या पहिल्या पावसात मी, आबा आणि काका, तिघांनी मिळून गिरिपुष्प आणि निर्गुडीच्या फांद्या खोचल्या. माझ्या हाताला फोड आले. फांद्यांना पैसे पडले नाहीत, कारण त्या काकूंच्या वाडीतूनच आणल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला कशाला सांगतेस? तर सांगते. आपल्या होस्टेलच्या मागे मैदानाच्या कडेने नवीन कंपाउंड घालायचं चाललंय. सध्या तिथे काय आहे? वर काटेरी तार लावलेली एक भिंत, तिच्या पायथ्याशी पिवळ्या ड्युरांटाची एकसारखी कापलेली ओळ, आणि मेसच्या मागे भिंतीला पडलेलं ते सुप्रसिद्ध भगदाड, ज्यातून रात्री अकरानंतर कोण कुठे जातं हे मी इथे लिहिणार नाही. भिंत तीनदा बुजवली, चौथ्यांदा पुन्हा फुटली. कारण तिथून चहाची टपरी जवळ पडते! मुद्दा हाच की कुंपण घालायच्या आधी लोक कुठून जातात-येतात ते कुणी पाहिलंच नाही. तिथे सरळ एक छोटं फाटक ठेवा, त्याची वेळ ठरवा आणि बाकीच्या बाजूला झाडांचं कुंपण करा. मैदानाकडून धूळ येते तिकडे करंज आणि निर्गुडी, मुलींच्या होस्टेलच्या बाजूला करवंद आणि सागरगोटे (वॉर्डन मॅडमना हे नक्की आवडेल), आणि मेसच्या बाजूला कढीपत्ता नि मेंदी. जिथे खरंच सुरक्षेचा प्रश्न आहे तिथे भिंत असू दे, मी भिंतीच्या विरुद्ध नाही. शेवटी तिच्यावरच माझं पोट चालायचंय! पण जिथे भिंतीची गरज नाही तिथे केवळ सवय म्हणून ती घालू नका, एवढंच म्हणणं आहे.

फांद्या फुकट मिळतात. एनएसएसची मुलं आहेत. पावसाळा दर वर्षी येतो. राहता राहिला काकांचा प्रश्न, छाटणार कोण? आपण इथे चार वर्षंच असतो, मग कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण चार वर्षांत आठ वेळा छाटणी होते, आणि आपल्यानंतर कुणीतरी येतंच. दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाकडे एक बाजू द्यायची असं ठरवलं, तर छाटणाऱ्या हातांची कमतरता पडू नये.

पटलं तर मला येऊन भेटा. निर्गुडीच्या फांद्या मी गावाहून आणीन. आणि हो, येताना वही-पेन घेऊन या. मी कॉन्व्हेंटची असले तरी आता झाडांची नावं मराठीत सांगते!